झाकलेले डबे

"झाकण काढू नकोस," आत्या म्हणाली. "नुसतं इंजिन चालव."

गिरणीवाल्याचा हात झाकणावरच थांबला. पीठ उडू नये म्हणून गिरणीत गोणपाटाचा पडदा टांगलेला होता आणि आत्या आज कधी नव्हे ती पडद्याच्या आत आली होती. बाहेर डब्यांची रांग आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायका. आत दोघंच.

"नुसतं कसं चालवू? दळायचं काय?"

"ते मला विचारतोस? मी सुईण. गिरणीवाला तू."

त्यानं डबा उचलला. वजन होतं, पण दाणे खुळखुळले नाहीत. आत काहीतरी एका बाजूला सरकलं.

"वाळू?" त्यानं हळूच विचारलं.

"नदीची आहे, स्वच्छ आहे," आत्या म्हणाली आणि हसली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "शेजारीण बाहेर बसलीय. माझी पाळी आली आणि इंजिन वाजलं नाही, तर ती काय समजायचं ते समजेल. एवढं कर माझ्यासाठी."

आत्याला नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली होती, त्यात तोही होता. बारा महिने अंगावर पीठ, म्हणून गाव त्याला पिठ्या म्हणायचं. आत्या चारचौघांत सांगायची, "हा जन्मला तेव्हाच पांढराफटक होता. मला वाटलं गेलाच. दोन धपाटे घातले तेव्हा कुठे रडला." आता तिच्या घरात सून ओली बाळंतीण होती. मुलगा शहराकडे कामाला गेला होता आणि बरेच दिवस त्याचा निरोपही नव्हता.

त्यानं इंजिन सुरू केलं. पण रिकामी गिरणी चालवता येत नाही. मध्ये दाणा नसला की दगड दगडाला खातो, ठिणग्या उडतात, जळका वास सुटतो आणि तो वास बाहेरच्या बायकांनाही ओळखता आला असता. म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या आपल्या पोत्यातला ओंजळभर कोंडा वर टाकला. खाली जे भुरभुर पडलं ते फडक्यात बांधलं, डब्यात वाळूवर ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

"झालं गं दळण!" पडदा सारून बाहेर येत आत्या मोठ्यानं म्हणाली. "यंदाचं पीठ काय बारीक निघालंय!"

यंदाचं कुठलं आलंय पीठ! गेल्या वर्षी मका अळीनं खाल्ला. यंदा ताटं उभी राहिली, कणसंही आली, पण सोलून पाहिलं तर आत दाणा धरलेलाच नाही. एकेकाळी आजूबाजूच्या गावांना बियाणं पुरवणारं हे गाव. इथल्या माणसांना द्यायची सवय होती, मागायची नव्हती. आपल्याकडे नाही हे शेजाऱ्याला कळण्यापेक्षा पोटाला चिमटा घेतलेला बरा, असं इथं लहानपणापासून शिकवलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्यानं कुणी काढली तो बहुधा याच गावचा असावा.

गिरणीवाल्याच्या बापानं तर मरताना गिरणीबरोबर एक नियमही त्याच्या हाती दिला होता. "गिरणीवाल्याला गावातली प्रत्येक चूल दिसते," तो म्हणाला होता. "म्हणून त्याला डोळे असावेत, तोंड नसावं. कुणाच्या डब्यात काय आलं ते या पडद्याच्या बाहेर जाता कामा नये." बापानं तो नियम जन्मभर पाळला आणि मुलानंही.

आत्यानंतर काही दिवसांनी शिंपीण पडद्याआड आली. तिच्या डब्यात चिंध्यांत गुंडाळलेली वीट होती. "माझ्या एकटीवरच वेळ आलीय हो," ती डोळे पुसत म्हणाली. "बाकीच्यांना कळू देऊ नका." मग शाळेतल्या शिपायाची आई आली. मग आणखी कुणी. बघता बघता सगळी रांगच तशी झाली. प्रत्येकीनं आत येऊन तेच वाक्य त्याच कुजबुजत्या आवाजात म्हटलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून गप्पा हाणल्या.

"आमच्याकडे मेले पाहुणे हलायलाच तयार नाहीत. कितीही दळा, पुरत नाही."

"आमची पोरं तर खाऊन खाऊन कंटाळली."

जात्यातले रडतात, सुपातले हसतात असं म्हणतात. इथं सगळ्याच जात्यात होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्या सुपात आहेत. हे माहीत असलेला गावात एकच माणूस होता आणि त्याला तोंड नव्हतं.

गिरणीवाल्याची बायको वैतागली. "अहो, डिझेल जाळताय, दगड झिजवताय, घरातला कोंडा वाटताय. साऱ्या गावाची अब्रू काय आपल्याच खुंटीला टांगलीय?"

"मग तू का रोज आपला डबा रांगेत आणून ठेवतेस? आपल्याकडे तरी काय आहे दळायला?"

"वा! गिरणीवाल्याच्या घरचा डबा रांगेत दिसला नाही तर लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, आणि दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

अशाच एका सकाळी जीप आली. कुठल्या गावाला मदतीचं धान्य द्यायचं ते ठरवायला निघालेले साहेब होते. माणूस वाईट नव्हता. धुळीनं माखलेला, थकलेला, बोलायला मऊ. त्यानं वाळलेली शेतं येतानाच पाहिली होती. तरी गिरणीसमोर आल्यावर तो थबकला. इंजिन पुक् पुक् वाजत होतं. डब्यांची रांग दारापासून ओट्याच्या टोकापर्यंत गेली होती.

"रोज चालते गिरणी?" त्यानं विचारलं.

गिरणीवाला पडदा धरून उभा होता. समोर सगळ्या बायका होत्या. एकीचीही पापणी हलली नाही. त्याला वाटलं, यांतली एक, फक्त एक, काहीतरी बोलेल.

आत्या उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. "साहेब, या गावात कुणी उपाशी झोपत नाही," ती म्हणाली. "मी घरोघरी जाणारी बाई आहे. मला माहीत आहे."

ती खोटं बोलत नव्हती. स्वतःला वगळून तिला खरंच तसं वाटत होतं.

साहेबांनी पुन्हा गिरणीवाल्याकडे पाहिलं. "काय हो?"

"चालते," तो म्हणाला. "रोज चालते."

"एखादा डबा उघडून दाखवता?"

"बायकांचे डबे चारचौघांत उघडत नाही आम्ही, साहेब."

"नको, नको, राहू दे," साहेब ओशाळून म्हणाले. "बरं आहे तुमचं. पलीकडच्या तिन्ही गावांत गिरणीला कुलूप आहे. धान्य थोडं आलंय आणि तोंडं फार. जिथं चूल पेटतेय त्यांना थांबायला सांगावं लागतंय." त्यांनी नमस्कार केला. गिरणीवाला त्यांच्यामागून जीपपर्यंत गेला. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण मागून शिंपीण बघत होती, आत्या बघत होती आणि त्याची बायकोही. जीप निघून गेली.

पुढच्या आठवड्यात पोत्यांनी भरलेले ट्रक गावावरून पुढे गेले. बायका रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होत्या. "बिचारे पलीकडचे," एक म्हणाली. "हात पसरायची वेळ आली." कुणीतरी हसलंसुद्धा. गिरणीवाल्याला आत जाऊन बसावं लागलं. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा पुरतं कळलं.

संध्याकाळी तो आत्याच्या घरी गेला. ती उंबऱ्यात बसली होती. तिच्या हातांच्या काड्या झाल्या होत्या. आतून बाळाची किरकिर ऐकू येत होती.

"आत्या, जेवलीस?"

"हो तर. वरच्या आळीत एकीचे दिवस भरलेत. तिला बघायला गेले होते, त्यांनी जेवल्याशिवाय सोडलंच नाही." सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. वरच्या आळीत सध्या कुणाचेही दिवस भरलेले नव्हते. तो कोंड्याचा भुगा पाण्यात शिजवून ती सगळा सुनेला घालत होती. बाळासाठी तिला दूध यायला हवं होतं.

"आत्या, मी साहेबांकडे जाऊन सांगून येतो."

"काय सांगशील?"

"खरं."

"म्हणजे माझं?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या एकटीसाठी सगळ्या गावाला भिकारी म्हणवून घ्यायचं? आणि हे बघ पिठ्या, या गावातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा उघडं मी पाहिलंय. आता म्हातारपणी त्यांनी मला उघडं पाहायचं? तसं करू नकोस. शपथ आहे तुला."

तू एकटी नाहीस, आत्या. एवढं एकच वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलं होतं. शिंपिणीच्या डब्यात वीट आहे, शिपायाच्या आईच्या डब्यात खडे आहेत, माझ्या बायकोच्याही डब्यात वाळूच आहे. हे ऐकून आत्या कदाचित खदखदून हसली असती, उठली असती, सगळ्यांच्या पाठीत धपाटे घालून गावाला जीपमागे पळवलं असतं तिनं. पण दुसऱ्याच्या डब्यातलं बाहेर काढायचं नाही. बापाचा नियम होता. त्यानं ते वाक्य गिळलं आणि म्हणाला, "बरं. उद्या ये दळायला."

"येते. डबा आत्ताच ठेवून ये रांगेत. सकाळी पहिला नंबर लागू दे," ती म्हणाली.

त्यानं डबा नेऊन रांगेत पहिला ठेवला.

सकाळी आत्या उठली नाही. सुनेनं हाक मारली, हलवलं, मग शेजारणीला बोलावलं. कशानं गेली, असं जो तो एकमेकांना विचारत होता. वय झालं होतं, असं सगळ्यांनी ठरवलं. गिरणीवाला खांदा द्यायला पुढे झाला. तिला उचलताना त्याच्या हातांना जे वजन लागलं, ते तिच्या डब्यापेक्षाही कमी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणी उघडली. आत्याचा डबा जिथल्या तिथं होता. ठेवलेल्या डब्याची पाळी कुणी खात नाही, मालकीण आली नाही तरी डबा जागा धरून असतो, ही इथली रीत. बायका आपापले डबे घेऊन त्याच्यामागे बसल्या. आज गप्पा नव्हत्या.

गिरणीवाला बाहेर आला. त्यानं आत्याचा डबा उचलला. पण तो पडद्याआड गेला नाही. तिथंच, ओट्यावर, सगळ्यांसमोर त्यानं झाकण काढलं आणि डबा उपडा केला.

ओली वाळू गोळा होऊन पडली.

"आत्या रोज हे दळायची," तो म्हणाला. "शपथ घातली होती तिनं. मी मोडली. आता मला काय बोलायचं ते बोला."

मग त्याची बायको उठली. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. आपला डबा घेऊन पुढे आली आणि त्या वाळूशेजारी उपडा केला. पुन्हा वाळूच. शिंपीण रडत रडत आली. तिच्या डब्यातून वीट धाडकन पडली. शिपायाच्या आईचे खडे ओट्यावरून गडगडत खाली गेले. एकामागून एक झाकणं निघाली. वाळू, माती, खडे, फुटकं मडकं. रांग संपली तेव्हा ओट्यावर हा ढीग झाला होता आणि बायका एकमेकींकडे नुसत्या बघत होत्या.

"अगं, तूसुद्धा?" एक बाई दुसरीला म्हणाली. "मला सांगायचं तरी."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"आत्यानं मला विचारलं होतं," आत्याची शेजारीण पुटपुटली. "विचारलं होतं, घरी दाणे आहेत ना गं? मी म्हटलं, भरपूर." आणि ती मटकन खाली बसली.

त्या दिवशी रांग लागूनही पहिल्यांदाच इंजिन वाजलं नाही. उघडे, रिकामे डबे घेऊन सगळे पलीकडच्या गावात उतरलेल्या साहेबांकडे चालत गेले. त्यांनी डबे पाहिले, चेहरे पाहिले. "अहो, मी विचारलं होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "तेव्हा का नाही सांगितलंत?" याचं उत्तर गिरणीवाल्याला माहीत होतं, पण कुणाला पटेल असं सांगता येण्यासारखं नव्हतं.

पुढे धान्य आलं. ज्या दिवशी वाटप झालं त्या दिवशी सगळे डबे पुन्हा रांगेत लागले. आत्याचा डबा पहिला होता. बाळाला कडेवर घेऊन सून मागे उभी राहू लागली, तर शिंपिणीनं तिला हात धरून पुढे आणलं. "पाळी तुमचीच आहे," ती म्हणाली.

गिरणीवाल्यानं दाणे वर ओतले. किती महिन्यांनी दगडांखाली खरा मका आला. आवाजच वेगळा निघाला, जड, भरलेला. गरम पीठ डब्यात पडू लागलं तसे त्याचे डोळे वाहायला लागले आणि गालांवरच्या पिठाचा लगदा झाला. डबा भरला. सवयीनं त्याचा हात झाकणाकडे गेला.

"राहू दे," सून म्हणाली. "गरम आहे. वाफ जाऊ दे."

एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या कडेवर उघडा डबा घेऊन ती रांगेच्या कडेनं घराकडे निघाली. बायका बसल्या जागी पाय आवरून तिला वाट देत गेल्या. झाकण नव्हतं, तरी एकीनंही डब्यात डोकावून पाहिलं नाही.