झाडू मागणारा आत्मा

संगणकमहाराजांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर जुनाट संगणक, बाहेरून कुणी काही पाठवत नाही हे दिसावं म्हणून इंटरनेटची वायर मुद्दाम कापून भिंतीला टांगलेली आणि पडद्यावर नोंदींची यादी व एक कोरी चौकट.

"पाहा, भक्तहो! यादी रिकामी, चौकट रिकामी. आता पत्नीने कळ दाबायची आणि दिवंगत पतींनी बोलायचं!"

आईने कळ दाबली. चौकटीत अक्षरं उमटली. आईला नीट दिसत नव्हतं, म्हणून महाराजांनीच वाचून दाखवलं, "#~¬ळ्यांना हात लावू देऊ नकोस. महाराजांचे थेंब घाल." सुरुवातीची गिचमिड म्हणे परलोकाची बोली!

गर्दीच्या अंगावर काटा आला. मागे उभ्या असलेल्या लेकीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. आईचा मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनला आणखी थांबलात तर नजर जाईल असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं आणि ही माउली गेलेल्या नवऱ्याच्या परवानगीसाठी अडून बसलेली. पण लेक कॉलेजात प्रोग्रॅम लिहायची सी भाषा शिकवायची. तसली गिचमिड तिने विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये ढिगाने पाहिली होती.

"महाराज, आम्हाला बोलावण्याआधी दार लावून काय करता?"

"आवाहन."

"या वेळचं मी करते."

"छे! त्याला अधिकार लागतो, ताई."

"अहो, करू द्या की पोरीला," एक आजोबा म्हणाले. "आत्म्याला काय, कुणी का बोलावेना!" गर्दीने त्यांचीच री ओढली. महाराजांना घाम फुटला.

लेकीने सगळ्यांदेखत नोंद लिहिली: 'कांदे, साबण, झाडू, उंदराचं औषध.' मग ती काढून टाकली. यादी पुन्हा रिकामी. "आई, दाब."

आजोबांनी मोठ्याने वाचलं, "#~¬, साबण, झाडू, उंदराचं औषध!"

"इश्श!" आई म्हणाली. "ह्यांनी जन्मात कधी झाडू आणला नाही!"

बैठक हसून लोटपोट झाली. महाराज पाणी पिण्याच्या निमित्ताने आत सटकले.

"प्रोग्रॅम मशीनकडे मजकूर ठेवायला जागा मागतो," लेक सांगू लागली, "आणि काम झालं की परत करतो. पण परत घेताना मशीन ती पुसत नाही. लॉजवाल्याने चादर न बदलता खोली पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावी, तसं. तेवढीच जागा लगेच मागितली की बहुतेक वेळा तीच मिळते, जुन्या मजकुरासकट. सुरुवातीची अक्षरं तेवढी बिघडतात, कारण रिकाम्या जागांचा माग ठेवायला मशीन तिथे स्वतःची खूण लिहितं. जागा आधी पुसून मागायचीही सोय आहे. महाराज दाराआड निरोप लिहून काढून टाकायचे आणि ती सोय वापरायचे नाहीत, एवढाच चमत्कार."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे हे काहीच बोलले नव्हते?"

"नाही, आई."

"मला वाटलं, निदान माझ्यावर ओरडायला तरी आले."

लेकीला भरून आलं. तिने आईचा हात घट्ट धरला. माणूस गेल्यावर त्याचा एक शब्द कानी पडावा असं कुणाला वाटत नाही? वाटू द्यावं. पण कुणी तो शब्द ऐकवू लागला, तर आधी एवढंच विचारावं की दाराआड काय चाललं होतं.

आईने डोळे पुसले आणि महाराजांच्या थेंबांची बाटली टेबलावर आपटली.

"डॉक्टरांना फोन लाव. एकदा स्वच्छ दिसू लागू दे, मग या मेल्या महाराजाचं तोंड नीट बघून घेते."