शिकंज्यातला जांभळा तुकडा

मी जांभळ्या प्लॅस्टिकचा तुकडा बोलतोय. हसू नका. माझ्या जातीच्या पातळ पापुद्र्यावर ऊन पडलं की वीज निघते; तुमच्यातल्या कितीकांच्या अंगातून घामसुद्धा निघत नाही.

वाशीमच्या एका कॉलेजात नाजियाने मला काचेवर ओतून वाळवलं. दाब दिला तर मी प्रकाश वेगळा शोषतो का, हा तिचा एमएस्सीचा प्रकल्प. दाब द्यायचं यंत्र होतं, पण तिच्या मार्गदर्शक सरांनी ते कुलपात ठेवलेलं. वापरलं की खराब होतं म्हणे!

म्हणून तिने मला कामरगावला घरी नेलं. तिचे अब्बा जमशेदभाई बुकं बांधतात. मला तिळाएवढा कापून दोन जाड काचांमध्ये ठेवलं आणि त्यांच्या पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात आवळलं. दोनदा काचा फुटल्या. तिसऱ्यांदा शिकंज्याच्या पट्ट्यांना पाडलेल्या भोकातून टॉर्च मारला, तर मी निळसर झालेलो. आतले धागे जवळ सरकले की मी लाल उजेड जास्त गिळतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुडीत बांधून सरांकडे नेलं. दाब निघाल्यावर मी आपला पहिल्यासारखा जांभळा. सरांनी निकाल दिला, पुठ्ठ्याच्या दुकानात विज्ञान होत नसतं, विषय बदल नाहीतर वर्ष गेलं समज. कामरगावला येऊन बघायला त्यांना वेळ नव्हता. चहाला मात्र दोनदा होता.

नाजिया घरी येऊन रडली. अब्बांनी शिकंजाच उचलून वाशीमला जाणाऱ्या जीपच्या टपावर बांधला. "त्यायले यायले जमत नसन, तं हेच तिकडं नेऊ," म्हणाले.

सरांच्या टेबलावर मला आवळलं. सर वाकले, भोकातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "मी हेच तर सांगत होतो. प्रकल्पाच्या बुकाच्या पुठ्ठ्यावर माझं नाव वर टाका." शाब्बास! लाज कशाशी खातात, हे यांच्या गावीही नाही.

बुक अर्थात जमशेदभाईंनीच बांधलं. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. सरांनी दिलेली नावाची चिठ्ठी अब्बांनी डिंकाच्या डब्याखाली सारली. "आजवर लोकायचीच नावं छापली," ते लेकीला म्हणाले, "आज तुहं छापतो."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिला पास केलं. सरांनी ते बुक उचलून त्याच यंत्राशेजारी कुलपात घातलं. मी शेवटच्या पानावर चिकटलोय. अंधारात माझा काय उपयोग? कधी कुलूप उघडलंच कुणी, तर मला उन्हात धरा. पण आधी पुठ्ठ्यावरचं नाव वाचा, मोठ्याने.