अंगठ्याजवळचे टाके

आमचे हे पाट्या रंगवतात. म्हणजे, रंगवायचे. दुकानाच्या काचेवर अक्षरं काढताना काच फुटली, अंगठ्याखाली तळहात चिरला. मोठ्या हॉस्पिटलात टाके घातले. डॉक्टर म्हणाले, "आठवड्याने जवळच्या दवाखान्यात काढून घ्या."

जवळचा दवाखाना कोपऱ्यावरचा. तिथे टाके काढते माझी नणंद, यांची धाकटी बहीण. सासूबाई गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद. कशावरून? तर त्यांच्या आजारपणात कोणी जास्त केलं!

"जा की हो," मी म्हटलं.

"तिला कळलंय ना मला लागलेलं? यावं तिने घरी."

नणंदेकडे गेले, तर बाईसाहेब कापसाचे बोळे करत म्हणतात, "वहिनी, दवाखाना उघडाच असतो. दादाला पाय नाहीत का?"

दुसरीकडे चला म्हटलं, तर हे म्हणतात, "घरची नर्स असताना?" बोलायचं नाही, पण बहीण घरचीच! कपाळ माझं.

जखम वरून भरलेली दिसत होती. यांनी पट्टी गुंडाळून काम सुरू केलं. रंग, धूळ, सगळं आत. कातडी दोऱ्यावर चढली, हात लाल झाला, ठणकायला लागला, तरी दोघंही ढिम्म. एका सकाळी यांना सणसणून ताप भरला, तेव्हा मी नणंदेला दंडाला धरून ओढत आणलं.

पट्टी सोडली नि ती पांढरीफटक पडली. "दादा, अरे दोरा आत गेलाय. पू झालाय. हे माझ्याच्याने नाही व्हायचं."

हॉस्पिटलात हात पुन्हा उघडून साफ केला. जिवावरचं टळलं, पण अंगठा कायमचा ताठ नि बधिर झाला.

आता नणंद रोज संध्याकाळी येते, यांचा अंगठा धरून वाकवत बसते. दोघं भरभरून बोलतात, लहानपणच्या खोड्या आठवून हसतात. मला मेलीला रडू येतं. हेच तेव्हा बोलला असतात तर!

काल ती म्हणाली, "मी थांबायचे रे तुझ्यासाठी. कुलूप लावायला मुद्दाम उशीर करायचे."

"मी यायचो," हे म्हणाले. "समोरच्या फुटपाथपर्यंत. तू आत दिसलीस की परत फिरायचो."

ती मान खाली घालून अंगठा चोळत राहिली. मग हळूच विचारलं, "दुखतंय?"

यांनी हाताकडे पाहिलं. "का गं, दाबतेयस का?"

तिची स्वतःची बोटं दाबून दाबून पांढरी पडली होती.