मीच आणलं होतं ते बेशरम

मित्रांनो, शाळा सुटल्यावर ज्याच्यावर दप्तरं टाकून तुम्ही पाण्याशी पळता, तो नुसता ओंडका नाही. मी एक जुना डोंगा आहे, एकाच खोडातून कोरलेली होडी. माझ्या पोटात तुम्ही कधीकधी वेफर्सची पाकिटंही टाकता. ते मला मुळीच आवडत नाही, पण त्याचं नंतर बोलू. आधी मला एक कबुली द्यायची आहे.

माझा जन्म वादळात झाला. आपल्या बोडीच्या, म्हणजे या गावतळ्याच्या, पाळीवर आंब्याचं एक मोठं झाड होतं, ते एका वैशाखात मुळासकट आडवं झालं. लोकांनी फांद्या जळणाला नेल्या. खोड मात्र जागेश्वरने मागून घेतलं. जागेश्वर ढिवर म्हणजे मासेमार, या बोडीत मासे धरून त्याचं घर चालायचं. त्याने वाकसाने महिनाभर कोरून माझं पोट पोकळ केलं, आतून शेकलं, बाहेरून डांबर फासलं. पहिल्या दिवशी मी पाण्यात उतरलो तेव्हा त्याची बायको लीलाबाई म्हणाली, "थोडा डावीकडं झुकते, पण बुडणार नाई." मी अजूनही डावीकडे झुकतो आणि एकदाही बुडालेलो नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

काय दिवस होते ते! बोडीत काठाकाठाने देवधान उभं असायचं, म्हणजे आपोआप उगवणारं रानभात. पाण्याखाली चिऊल ही पाणवनस्पती पसरलेली असायची, तिच्यात मासे अंडी घालायचे. मरळ, झिंगे, काय हवं ते मिळायचं. लीलाबाई टोपलं भरून लाखनीच्या बाजाराला जायची आणि दुपारच्या आत रिकामं टोपलं घेऊन परतायची. बोडीखालच्या शेतांतल्या शेवटच्या बांधीपर्यंत धानाला पाणी पोचायचं.

एकच दुखणं होतं. ढोरं पाळीवरून खाली उतरायची, त्यांच्या खुरांनी माती ढासळायची. जागेश्वरला त्याची फार काळजी. पलीकडच्या काठावर वासुदेवरावांचं शेत होतं, त्याला बेशरमाचं कुंपण होतं. ढोरं त्या झाडाला तोंड लावत नाहीत, आणि काडी खोचली की ते जगतं. जागेश्वरने त्या कुंपणाच्या काड्या तोडल्या, भारे बांधले आणि माझ्यात भरले. तीन खेपा झाल्या. मी मोठ्या दिमाखात पाणी कापत ते भारे अलीकडे आणले. पाळीवर काड्यांची रांग लागली. वर्षभरात ती हिरवीगार झाली, जांभळट फुलं आली. ढोरं थांबली आणि गावाने जागेश्वरची तारीफ केली. माझीही थोडी झाली असं मी मानतो.

मग ते बेशरम पाळीवरून खाली उतरलं. आधी काठावर, मग उथळ पाण्यात, मग मधोमध. देवधान गेलं, चिऊल गेली, त्यांच्यामागे मासेही गेले. माझं तोंड जिकडे वळवावं तिकडे झाडोराच आडवा. शेवटी जागेश्वरने मला ओढून काठावर पालथं घातलं आणि तो विटाभट्टीवर कामाला गेला. लीलाबाई दुसरीकडची बर्फातली मासळी विकू लागली. माझ्या पाठीवर कोंबड्या बसायच्या. बेशरम कोणी लावलं हे गाव हळूहळू विसरलं. मी विसरलो नव्हतो. जागेश्वर माझ्याजवळून जाताना माझ्याकडे बघायचा नाही, त्यावरून तोही विसरला नव्हता हे मला कळायचं.

दहा-बारा वर्षं अशीच गेली. बोडीत पाणीच मावेना, शेवटच्या बांध्या वाळू लागल्या, तेव्हा कुठे गाव जागं झालं. एका उन्हाळ्यात घराघरातून माणसं कुऱ्हाडी, विळे घेऊन आली. पंधरा दिवस खपून त्यांनी बेशरम कापलं आणि बोडीतच ढीग रचून ठेवले. जागेश्वरही कापत होता. तो सगळ्यांत जास्त राबला आणि सगळ्यांत कमी बोलला.

पावसाळा आला, ढीग चिखलात पसरले, आणि तुकड्यातुकड्याला कोंब फुटला. दिवाळीपर्यंत बेशरम आधीच्या दुप्पट झालं. लोकांचं मनच मोडलं.

पुढच्या वर्षी पाळीवरच गावाची बैठक भरली. सरपंच आता वासुदेवराव होते. ते म्हणाले, "आता काई उपाय नाई. पाळ फोडून टाकू. पाणी जाऊ द्या, ज्याले जमन त्यानं बोअर मारावा." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या डोंग्याचं ढोरांसाठी कोटणं करू."

ढोरांचं खाणं भरायला माझे तुकडे करणार! पण खरं सांगतो, मला पाळीची काळजी जास्त वाटली. पाळ फुटली असती तर बोडी संपली असती आणि तिच्याबरोबर ढिवरांची चार घरंही. बरेच हात वर होऊ लागले. तेव्हा लीलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हटलं, "आता तं बोला."

जागेश्वर उभा राहिला. "ते बेशरम म्या लावलं," तो म्हणाला. "ह्याच डोंग्यातून आणलं. ते कापून मरत नाई. तुकडा जिथं पडते तिथं जगते. मुळासकट उपटून, बोडीबाहेर खडकावर वाळवा लागते."

वासुदेवरावांनी विचारलं, "मांगच्या वर्षी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं, तुले कसं मालूम, असं इचारलं असतं तुमी. मले लाज वाटली, भाऊ."

माझ्या लाकडात उरलेला शेवटचा ओलावा त्या क्षणी सुकला असेल. आता याला गाव काय म्हणेल? वासुदेवरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"काड्या माह्या कुंपणाच्या होत्या," ते म्हणाले. "मले बी मालूम होतं ते कसं जगते. मी बी बोललो नाई." मग ते खाली बसले आणि म्हणाले, "कुदळी आना. पहिले माह्या बांधावरचं उपटू."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पाळ फोडायचा विषय त्या दिवसानंतर कोणी काढला नाही.

त्या उन्हाळ्यात जागेश्वरने उन्हाने पडलेल्या माझ्या फटीवर पत्रा ठोकला, नवं डांबर लावलं आणि मला पुन्हा पाण्यात उतरवलं, कारण मधल्या दलदलीत माणसाला उभं राहता येत नव्हतं. उपटलेलं बेशरम माझ्यात भरायचं आणि काठावर आणायचं. तीन खेपांनी आणलेलं ते झाड बाहेर काढायला मला किती खेपा लागल्या, मी मोजणंच सोडून दिलं.

बोडी मोकळी झाल्यावर पाळीवर शोभेची झाडं लावावीत असं कोणी सुचवलं. लीलाबाई म्हणाली, "ते झाड दुसऱ्याच्या पाण्याकाठी कसं वागलं, ते पहिले पाहून या." तिने पाळीच्या उतारावर माती धरून ठेवणारं खस लावायला सांगितलं. स्वतः बायकांना घेऊन माहेरच्या तलावावर गेली आणि देवधान, चिऊल घेऊन आली. कोणती वनस्पती किती पाण्यात रुजते, हे तिला पाठ होतं. ती रोपंही माझ्यातूनच बोडीत गेली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जागेश्वरच्या जाळ्यात मरळ आली, आणि त्या वर्षी शेवटच्या बांधीतलं धानही पिकलं. विटाभट्टीवर तो पुन्हा गेला नाही.

आता मी थकलो आहे, पाण्यात उतरत नाही. तरी मला एक काम दिलेलं आहे. बेशरमाचे कोंब अजूनही कुठेकुठे डोकं काढतात. तुम्ही ते मुळासकट उपटता आणि माझ्या पोटात वाळायला टाकता. म्हणून म्हणतो मित्रांनो, माझ्यात पाकिटं टाकू नका, ती जागा कोंबांची आहे. पाण्याकाठी काही लावायचं झालं तर त्या पाण्यावर पोट असणाऱ्याला आधी विचारा. आणि चूक झालीच, तर ती त्याच उन्हाळ्यात सांगा. जागेश्वरने आणि मी, आम्ही दोघांनी फार उशीर केला.

परवा जागेश्वर आला, मूठभर कोंब माझ्यात टाकले आणि माझ्या काठावर टेकून बसला. बराच वेळ तो माझ्याकडे बघत होता.