शिडी कोण धरणार?

"एवढ्याशा माळ्यावर चढायला शिडी? बनुबाई, तू काय राजवाडा झाडायला आलीस काय?" मगदूमवहिनी कडाडल्या.

खांद्यावर कळकाची शिडी घेऊन बनुबाई दारातच उभी. "वहिनी, टेबलावर स्टूल ठिवून मी चढनार न्हाई. शिडी लावीन, आन् खाली धरायला कुनीतरी पायजे. आमच्या मंडळाचं तसं ठरलंय."

"मंडळ म्हणे! नीघ तू. छप्पन्न मिळतील मला."

मिळत होत्याच की! बहात्तरच्या दुष्काळात आटपाडीकडून सांगलीत आलेल्या बायकांना काय तोटा? एकीनं नाही म्हटलं की दुसरी दारात हजर. म्हणून तर गेल्या दिवाळीच्या साफसफाईला हरणाबाई याच घरात मुकाट स्टुलावर चढली, पडली आणि पायानं कायमची अधू झाली. त्यानंतर धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी आपलं सहकारी मंडळ काढलं. पहिली खरेदी ही शिडी! पण शिडीनं पोट थोडंच भरतं? हे घर सुटलं तर पोरांना काय घालायचं? तरी बनुबाई दारातून हलली नाही.

वहिनींनी बोळातून अंजनाला हाक मारली. पोरगी नुकतीच गावाकडून आलेली, मंडळात नसलेली, कामासाठी दारोदार फिरणारी. संपलं सगळं, असं बनुबाईला वाटलं. अंजनानं पदर खोचला, एक पाय टेबलावर ठेवला आणि थांबली.

"वहिनी, हरणामावशी हितनंच पडली व्हय?"

वहिनी टेबलावरचं स्टूल नीट करू लागल्या.

अंजनानं पाय खाली घेतला. "मग मीबी न्हाई चढत. आवं बनुमावशी, आना तुमची शिडी."

अगं बाई, वाघीणच निघाली की पोरगी! बनुबाईला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"दोघी शिडीला गुंतलात तर भांडी कोण घासणार?" वहिनी कुरकुरल्या. "संध्याकाळी पाहुणे यायचेत."

"अंजना घासंल की. शिडी तुमी धरा."

वहिनींनी आधी डोळे वटारले, मग कुणी बघत नाही ना म्हणून बोळात नजर टाकली. शेवटी आल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. बनुबाई ऐटीत वर चढली. इतक्या दिवसांत वहिनींचा भांग तिला वरून कधी दिसला नव्हता.

"डोक्यावर पदर घ्या वहिनी, धूळ पडंल," ती म्हणाली.

वहिनींनी मान वर केली, पण हात काही सोडले नाहीत.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शिडी हलेल."