साडूने आणलेला पुढचा एक्सल

खडूची रेघ पाचव्यांदा वर येता येता राहिली. शाफ्टच्या काळ्या अंगावर, ग्रीस पुसून केलेल्या जागेत, अंगठ्याएवढी पांढरी रेघ — जरा तिरकीच, कारण उताणं पडून सरळ रेघ ओढणं कुणाच्याच हाडात नसतं — ती आता येईल, आता येईल अशी वाट पाहायला लावून अलीकडेच थबकली, आणि काटेरावांनी चाकावरचा हात तसाच ठेवला. हात काढला की मोजणी पुरी झाली, आणि मोजणी पुरी झाली की आकडा खरा. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून जन्म काढल्यामुळे हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तेव्हा निदान समोर दुकानदार असायचा, त्याच्या कपाळावरचा घाम बघता यायचा. इथे ट्रकखाली ते एकटेच होते, आणि घाम... घामही येत नव्हता.

रीत तशी शाळकरी आहे. एक चाक जमिनीवर ठेवायचं, त्याच्या जोडीचं जॅकवर उचलायचं, उचललेलं दोनदा फिरवायचं आणि तेवढ्यात इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणारा मधला शाफ्ट किती वळसे घेतो ते बघायचं. मागच्या एक्सलला शाफ्टने चार वळसे घेतले होते आणि वर थोडासा. पुढच्याला पाचाला चिमूटभर कमी. दोन्हीकडे आकडा एकच हवा. नसला तरी ट्रक सपाट रस्त्यावर मजेत धावतो, कारण एरवी जोर फक्त मागच्या चाकांना असतो, पुढची नुसती बरोबर चालतात, साहेबामागे फिरणाऱ्या मंडळींसारखी. पण चढावर, सुट्या खडीवर, चारही चाकांना जोर देणारी लिव्हर ओढली की पुढच्यांची चाल निराळी, मागच्यांची निराळी, आणि दोघांना बांधणारं लोखंड एकच. लोखंडाची समजूत घालता येत नाही. मग कुठेतरी काहीतरी मोडतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग डाव्या हाताने मोजलं, जणू डावा हात स्वभावाने जरा मऊ असेल. रेघ तिथेच थांबली.

मी मोजलंय, काटेराव... असं साडू म्हणाला होता. मोजलंय म्हणजे त्याने एक्सलभोवती एक फेरी मारली होती, एक डोळा मिटला होता आणि दोन्ही हात पसरून त्याची लांबी अंगावर घेतली होती, जशी तो पडद्याच्या कापडाची घ्यायचा. पडद्यांचं दुकान होतं त्याचं. ही शेड म्हणजे त्या दुकानामागचं गोदाम. टेप गळ्यात असायची, पण ती शोभेला. आसपासच्या निम्म्या खिडक्यांचे पडदे जमिनीपासून चार बोटं वर थांबायचे ते त्याच्या नजरेमुळे, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तो इतक्या मायेने पटवायचा की टेकणारा पडदा धूळ ओढतो, की माणूस जाताना आणखी दोन पडदे सांगून जायचा. काटेराव हे नावही त्यानेच ठेवलेलं. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, सासऱ्यांच्या घरी सगळी मंडळी बसलेली, आणि हा उठून म्हणाला, "हे आमचे थोरले साडू, तराजूचा काटा बघून पगार घेतात. ह्यांच्यासमोर जांभई द्यायची तर मापात द्या." सासरे, जे कधी हसत नसत, हसले होते. काटेरावांच्या विनोदाला ते पुढेही कधी हसले नाहीत. अशा गोष्टी माणूस मनात धरत नाही म्हणतो, आणि...

ट्रकची कल्पना साडूची, सांगाडा लिलावातला, आणि अट थोरलीची. थोरली म्हणजे काटेरावांची बायको; साडूची बायको ती धाकटी. अट अशी की तेल, रबर आणि बोल्ट सोडून एकही नवी वस्तू आत जायची नाही, घरं चालवायची आहेत. त्यामुळे दोन दरवाजे दोन गाड्यांचे, पैकी एक निळा. सीट बंद पडलेल्या सिनेमागृहातल्या, नंबरासकट. इंजिन ज्या गाडीतलं ती विहिरीत पडली होती असं ऐकिवात. मागचा एक्सल तेवढा मूळचा. पुढचा साफ गेलेला होता, तो भंगारवाल्याच्या अंगणात सापडला — ट्रक तोच, साल तेच, बाहेरून बघितलं तर जुळा भाऊ. भंगारवाल्याला पैसे नकोच होते. त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारभर ऊन यायचं. साडूने त्याला मखमली पडदे शिवून दिले, जांभळे, खाली सोनेरी झालर, आणि एक्सल हातगाडीवर घालून मिरवत आणला. ओझी ओढायला काढलेल्या ट्रकच्या एक्सलमध्ये गिअरचे दात वेगळ्या हिशोबाचे बसवलेले असतात, एवढीच बारीकशी गोष्ट. ती बाहेरून दिसत नाही. बोल्ट मात्र एकूण एक आपोआप आत गेले, आणि ते जाताना साडू ट्रकखालून ओरडत होता, "बघा! बघा काटेराव, माप म्हणतात ते हे!" काटेराव तेव्हाच मोजणार होते. खरं म्हणजे खाली वाकलेही होते. पण ग्रीसने माखलेला तो चेहरा त्यांच्याकडे असा काही बघत होता... की ते म्हणाले, चहा घेऊ या आधी. दुसऱ्या दिवशी दुसरंच काम निघालं. आणि मग साडूच गेला.

दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. गिऱ्हाईक म्हणालं, शेवटचा भाव सांगा, आणि हा गप्प झाला. गिऱ्हाईकाला वाटलं अडून बसलाय. ते बिचारं बराच वेळ आपणहूनच भाव वाढवत राहिलं.

नवरा गेला की कसं, भाऊ गेला की कसं, हे सगळं लोकांना पाठ असतं. साडू गेल्यावर किती रडायचं याचा मात्र कुठे काही दर ठरलेला नाही. भेटायला आलेले लोक धाकटीजवळ बसले, उठताना थोरलीच्या पाठीवरून हात फिरवून गेले, आणि काटेरावांना विचारलं की पाण्याचा टँकर कुठे लावायचा. त्यांनी सांगितलं. खुर्च्या मोजून घेतल्या, मोजून परत केल्या. एक जास्तच भरली. सगळा हिवाळा तसाच गेला. जेवण जात होतं, झोप लागत होती, वर्तमानपत्र वाचून होत होतं, फक्त सगळं जरा लांबून, जाड कपड्यावरून खाजवावं तसं. "तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही आलं," थोरली एकदा दिवा मालवताना म्हणाली. रागाने नाही, नोंद घ्यावी तशी. त्यांनी प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं होतं. काही नव्हतं. रोज सकाळी ते इथे येत, कारण रोज सकाळी कुठेतरी जायला हवं, आणि ट्रक पुढे सरकत होता, कारण एक बोल्ट घट्ट झाला की दुसरा दिसतो. आज शेवटचं काम म्हणून मोजायला घेतलं होतं. नुसती खात्री म्हणून.

शटर वर सरकलं. ट्रकखालून बघितलं की माणूस चपलांपासून सुरू होतं आणि पोटऱ्यांशी संपतं. या चपला धाकटीच्या होत्या.

"भावोजी, आहात ना जिवंत?"

बोलून गेल्यावर तीच थबकली. मग म्हणाली, "नाही, आवाज नव्हता म्हणून."

"मोजतोय."

"मोजा. तुम्ही झोपेतही आकडे म्हणता, ताई सांगते."

निळा दरवाजा उघडला, आणि काटेरावांच्या कपाळावर सिनेमाची सीट करकरली. रोज दुकान उघडण्याआधी ती असं घटकाभर बसायची, स्टिअरिंगला हात न लावता. थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने वरून एक कप खाली आला, मागोमाग मनगट. त्यांनी तो घेतला. झोपून चहा पिता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण ती रोज देत होती आणि ते रोज घेत होते.

"रविवारी जाऊ या ना? खाणीच्या रस्त्यानं?"

"रविवारी..."

"हे म्हणायचे, लिव्हर ओढायची आणि डोळे मिटून बसायचं, ट्रक आपला आपण वर जातो. वरून म्हणे आपल्या दुकानाचं छप्पर दिसतं. मी म्हटलं, स्वतःचं छप्पर बघायला एवढं वर कशाला मरायला जायचं, शिडी लावली तरी दिसेल." ती हसली, सीट हलली. "तोंड एवढंसं झालं होतं ह्यांचं. आता वाटतं, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं."

काटेरावांच्या नाकापासून हातभर अंतरावर एक्सलचा फुगीर, गुळगुळीत गोळा होता, साडूने स्वतः चंदेरी रंग दिलेला.

"भंगारवाला भेटला काल. मखमलीला इस्त्री कशी करतात विचारत होता." वरचा आवाज जरा खाली आला. "म्हणाला, बाई, एवढं लोखंड पडलं होतं, तुमच्या मालकांनी नेमका जोडीचा उचलला. नजर पक्की. म्हटलं, नजर? जन्मभर चार बोटं कमी हो ह्यांची! माझ्या स्वतःच्या खिडकीत सकाळी चार बोटं ऊन येतं, डोळ्यावर. सांगून सांगून दमले... पण हे एक तेवढं बरोबर आणलं बघा. बसलाय ना नीट?"

"बसलाय," काटेराव म्हणाले. "बोल्ट सगळे बरोबर बसलेत."

यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त वजनात मारलेला होता. अशा मालाला त्यांनी नोकरीत कधी माफी दिली नव्हती.

"मग रविवारी."

"बघू."

"बघू म्हणजे? ह्यांचं बघू म्हणजे नाही असायचं."

"माझं बघू म्हणजे बघू."

"तुम्ही पण ना, भावोजी," ती म्हणाली, आणि चपला उतरल्या, वळल्या, दुकानाच्या दाराआड गेल्या. पलीकडे तिने गिऱ्हाइकांसाठी लावलेला पंखा खडखडू लागला.

काम सरळ होतं. एक्सल सोडायचा, भंगारवाल्याकडे न्यायचा, योग्य दातांचा शोधून आणायचा. भंगारवाला विचारेल काय झालं; खोटं सांगितलं तरी तो धंद्यातला माणूस, त्याला कळेल; तो हसेल, आणि संध्याकाळपर्यंत ते हसू चालत चालत या दुकानात येईल. पण काम सरळ होतं. काटेरावांनी पाना घेतला, पहिल्या नटावर बसवला, कोपर टेकवलं, जोर दिला. नट हलला नाही. साडूने आवळलेला नट. मोजताना हात सैल, आणि आवळताना मात्र बैलाचा जोर... पाना सटकला आणि बोटांची सालटं काढून गेला.

"गाढवा!"

आवाज पत्र्यांवर आपटून परत आला, आणि तो आपलाच आहे हे त्यांना क्षणभर पटेना.

गाढवा, एक डोळा मिटून दात दिसतात का लोखंडाच्या आतले? हात पसरले की माप झालं? मी इथे होतो ना, मी वाकलो होतो, मी मोजणार होतो — आणि तू असा बघतोस माझ्याकडे, ग्रीस फासून, नाटकातल्या राक्षसासारखा, की माणसाने चहा प्यावा आणि गप्प बसावं! सासऱ्यांसमोर तेच, दुकानात तेच, आता इथे तेच. तू हसवायचं, आणि मागून मी खुर्च्या मोजायच्या. आणि बाईला सांगून ठेवलंस, डोळे मिटून बस! मी नेतो तिला रविवारी, ओढतो लिव्हर, अर्ध्या चढावर तुझ्या मापाचे दोन तुकडे होतील तेव्हा काय सांगू? सांग ना, काय सांगू... कान तापले होते. चाळीस तराजू एकदम हलल्यासारखं सगळं अंग कापत होतं, आणि बोट झोंबत होतं — चक्क झोंबत होतं, अगदी जवळून, मध्ये कसलंही कापड नसल्यासारखं.

"पण काटेराव," साडू म्हणाला, त्याच त्या मायेच्या आवाजात, "पुढचा चुकलाय कशावरून? मागचाच चुकला असेल."

हे तो म्हणालाच असता. काटेरावांनी मान वळवून मागच्या एक्सलकडे पाहिलं. कारण... आकडा एकच हवा, एवढीच अट. कुठला, हे कुणी सांगितलंय? ओझी ओढणाऱ्या ट्रकचा मागचा एक्सलही तिथेच कुठेतरी पडलेला असणार. तो आणायचा, आणि इथला मूळचा, अस्सल, वरच्या ओंजळभर गंजाखेरीज एक दोष नसलेला मागचा एक्सल सोडून टाकायचा. मग पुढचा बरोबर ठरतो. वळसे जास्त म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त; ट्रक रस्त्यावर रेंगाळेल, सायकली पुढे जातील. पण चढावर मात्र... चढावर तो आधीपेक्षाही चांगला चढेल. म्हणजे हा माणूस चुकून... म्हणजे खाणीच्या रस्त्याला हाच एक्सल...

"नाही!" काटेराव ओरडले. खऱ्या काट्याला खोट्याच्या मापाने वाकवायचं? मी? उभ्या आयुष्यात केलं नाही ते, आणि कशासाठी, तर तू दहा जणांना सांगावंस की बघा, शेवटी ह्यांनी मागचा बदलला? दहा वर्षं सांगशील. नात पाळण्यात असेल तिलाही सांगशील. माझ्यासमोर सांगशील, माझ्याकडे हात करून.

पाना त्यांच्या हातात होता आणि दोन्ही बाजूंना सारखेच नट होते. दुकानातला पंखा थांबला. धाकटी कान देऊन ऐकत असावी. त्यांना पर्वा नव्हती. त्यांनी उत्तराची वाट पाहिली, मुद्दे तयार ठेवले, एकेक करून खोडायला. पण पलीकडून काही येईना, आणि कानांतली ऊब हळूहळू ओसरायला लागल्यासारखं वाटलं, बोट पुन्हा लांब जायला लागल्यासारखं — तसे ते दचकले, आणि अंधारात भराभर मान वळवत, एक्सलवरून, स्प्रिंगच्या पाट्यांवरून, त्याने ओढलेल्या वायरींवरून नजर फिरवत, साडूची आणखी एखादी चूक शोधू लागले.