मांडवातली अंगणवाडी

अंगणवाडी हलली, तर कमळाकर पाटलांना महिन्याला आठ हजारांचा फायदा होता. कोपरखैरणे गावातल्या त्यांच्या तळमजल्याच्या खोलीचं सरकारी भाडं चार हजार. मोबाइलवाला बारा द्यायला तयार होता. पण पोरांना आपल्याच हातांनी बाहेर काढायचं, तर पालिकेच्या निवडणुकीत हव्या असलेल्या तिकिटाचं काय? म्हणून ते पुण्य त्यांनी सरकारकडूनच करवून घ्यायचं ठरवलं.

तपासणीला वीसपेक्षा कमी मुलं दिसली, की केंद्र मोठ्या रस्त्यापलीकडच्या केंद्रात विलीन होणार होतं. तिथवर रोज तीन वर्षांचं पोर घेऊन कोण जाणार? पोरांची अंगणवाडी तिथेच संपली असती. पर्यवेक्षिका सोनलमॅडमना "गुरुवार बरा" असं कमळाकरांनीच गोडीत सुचवलं. गुरुवारी त्यांच्या पुतण्याची हळद होती, आणि हळदीला गावात घरी कोणी थांबत नाही. अंगणवाडीच्या सेविका वैजयंतीताईंनी हजेरीपटावर तारीख टिपून घेतली. हळदीचं आमंत्रण त्यांनाही होतं.

गुरुवारी अकराला मॅडम आल्या. खोलीत फळांचे तक्ते, एक सतरंजी आणि शून्य मुलं. कमळाकर कडक इस्त्रीत दारात उभे.

"काय सांगू मॅडम, रोज असंच हाय," ते हळहळले. हळहळ त्यांना चांगली जमते.

वैजयंतीताईंनी हजेरीपट काखेत मारला. "मॅडम, मुलंच बघायचीत ना? चला, दोन मिनिटांवर आहेत."

मांडवात मदतनीस पुतळाबाय, नात्याने कमळाकरांची चुलती, डीजेवाल्याचा माईक घेऊन उभी होती. खांबाला वजनकाटा टांगलेला. ती नाव पुकारायची, पोर झोळीत बसायचं. एरवी वजनाच्या दिवशी न फिरकणाऱ्या आयाही नटूनथटून रांगेत होत्या. मुलं एकतीस, गरोदर बायका चार.

"काकी, हे काय लावलंस?" कमळाकर पुटपुटले.

"कमल्या, तुझ्या घरची हलद. पोरां हितं नाय तं कुठं जातीन?" हे माईकवर गेलं.

मॅडम खूश. "पाटीलसाहेब, स्वतःच्या मांडवात केंद्र भरवणारा मालक मी पहिल्यांदा पाहते. खोलीचा करार वाढवताय ना?"

तीनशे मतदार वळून बघू लागले.

"पाच वर्षं," कमळाकर म्हणाले.

वैजयंतीताईंनी माईक त्यांच्यापुढे धरला. "आणि भाडं?"

"हाय तेच."

मांडवात शिट्ट्या पडल्या, डीजेवाल्याने ढोलाचं गाणं सोडलं, आणि पोरांच्या आधी आयाच नाचायला उठल्या.

वैजयंतीताईंच्या पर्समधून गेले ते काटा बांधायच्या दोरीचे वीस रुपये. मांडव, माईक, एकतीस पोरांचं जेवण आणि पाच वर्षांत न मिळालेले चार लाख ऐंशी हजार, एवढं कमळाकरांनी भरलं.